दुखणं, व्यसन आणि घरात झाकलेली गोष्ट: कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातल्या घरांतून आणि तिथून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांकडून जे प्रश्न समुपदेशनात पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि काही ठिकाणी तीन-चार घरांच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. हे वाचून चालू असलेलं कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका. घरात कोणी रोज पिणारं असेल तर आधी प्रश्न ९ वाचा, बाकीचं नंतर.

१. आजोबांच्या वेळचं दुःख माझ्या अंगात कसं येईल? मी तर त्यांना पाहिलंही नाही.

दुःख जसंच्या तसं येत नाही. त्या दुःखाने घराला लागलेल्या सवयी येतात.

मुंबईच्या गिरणगावातला एक कापड गिरणी कामगार घ्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी जण साच्यावर परत गेलेच नाहीत. हा माणूस गावी आला. दर महिन्याला मनिऑर्डर पाठवणाऱ्याला आता तेल-मिठासाठी भावापुढे हात पसरावा लागला. दिवसभर पडवीत बसायचा, संध्याकाळी प्यायचा आणि कोणी संपाचं नाव काढलं की ताट भिरकावायचा. त्याच्या आठ वर्षांच्या मुलाला संप म्हणजे काय ते कळत नव्हतं. बाबांची चाहूल लागली की पोट आत ओढून, खांदे वर घेऊन भिंतीला टेकून बसायचं, एवढं त्याच्या अंगाला कळलं. तो मुलगा पुढे बाप झाला. त्याच्या घरात ताट उडत नाही, पण पैशाचा विषय निघाला की तो उठून अंगणात जातो आणि कोणी मोठ्याने हसलं तरी दचकतो. त्याची मुलगी आज तिशीत आहे. तिची मान कायम आखडलेली असते. आजोबा गिरणीत होते यापलीकडे तिला काहीच माहीत नाही.

यात गूढ काही नाही. वागणूक, भीती, गरिबी आणि 'हा विषय घरात काढायचा नाही' हा अलिखित नियम, एवढ्यावर तीन पिढ्या जातात. माझ्या अनुभवात यातलं सगळ्यांत चिवट असतं ते झाकणं. मूळ घटना विसरली जाते, झाकण तसंच राहतं.

२. हे जनुकांतून येतं असं व्हॉट्सअॅपवर वाचलं. खरं आहे का?

थोडं खरं आहे, बरंचसं फुगवलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेल्या बाळांवर तिच्या खुणा पुढे अनेक वर्षं दिसल्या, हे चांगलं तपासलेलं आहे. ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये ताणाशी संबंधित एका जनुकावर रासायनिक फरक दिसल्याचा अभ्यासही खूप गाजला, पण त्यात माणसं मोजकीच होती. त्यावरून 'आजीचं दुःख माझ्या डीएनएत लिहिलंय' असं म्हणणं घाईचं होईल.

दारूच्या व्यसनाचं मात्र बऱ्यापैकी कळलेलं आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्यातला साधारण निम्मा धोका अनुवंशाचा धरला जातो. उरलेला निम्मा घर, गाव, सोबत आणि परिस्थितीचा असतो, आणि आपलं काम तिथे चालतं.

३. आमच्या घरात दंगल नाही, युद्ध नाही. मग आघात कसला?

कोकणाकडे बाहेरून पाहणाऱ्याला समुद्र आणि आंबे दिसतात. आतून पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक वाडीत एखादी न बोललेली गोष्ट असते. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. खोतीच्या, म्हणजे कोकणातल्या जमीनदारीच्या काळात कुळांनी सोसलेली वेठ आणि अपमान आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यालेल्यांना त्याच दिवशी मारहाण झाली. त्यांच्या नातवंडांनी शाळेत, नोकरीत आडनाव सांगताना क्षणभर थांबणं शिकून घेतलं. ही शरम त्यांची नव्हतीच, ती त्यांच्यावर लादली गेली, आणि ती उतरवायचं काम एकट्या कुटुंबाचं नाही. अलीकडचं पाहायचं तर ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर कोसळलेली दरड. त्यातून वाचलेली मुलं आता मोठी होत आहेत.

पण जास्त घरांत कारण यापेक्षा लहान आणि जास्त झाकलेलं असतं. आजोबांचं मुंबईत दुसरं घर होतं. एक आत्या लग्नानंतर चार महिन्यांत परत आली आणि मरेपर्यंत माजघरातच राहिली. डोक्यावर परिणाम झालेल्या काकांना मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. काकी विहिरीवर 'पाय घसरून' पडली, आणि तिचा पाय घसरला नव्हता हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

४. शरम वाटण्याचा आणि दुखण्याचा किंवा व्यसनाचा संबंध कसा?

केलेल्या चुकीबद्दल पश्चात्ताप झाला तर माणूस ती चूक सुधारायला जातो. शरमेत मात्र आपणच मुळात वाईट आहोत असं वाटत राहतं, आणि मग सुधारण्याऐवजी लपावंसं वाटतं. लपायला दारूसारखी जागा नाही. दोन-तीन तास आतला आवाज गप्प बसतो. सकाळी रात्रीच्या तमाशाची नवी शरम जुनीत मिसळते आणि ती बुडवायला संध्याकाळी पुन्हा बाटली.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर कायम सावध राहणाऱ्या माणसाचे स्नायू ताणलेले असतात, झोप उथळ असते आणि मेंदूची धोका ओळखणारी यंत्रणा जराशा धक्क्यानेही सुरू होते. घरात एकदा चोर येऊन गेला की कुत्रा पानाच्या सळसळीवरही भुंकतो, तशी ही मज्जासंस्था साध्या हालचालीलाही वेदना म्हणून कळवू लागते.

अमेरिकेत सॅन दिएगो इथे व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारलं: मारहाण, अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातलं व्यसन, घरातल्या कोणाचा मानसिक आजार वगैरे. पहिला निबंध १९९८ साली आला. असे अनुभव जितके जास्त, तितका पुढे दारूचा, नैराश्याचा आणि शरीराच्या अनेक आजारांचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. मात्र हा आकडा समूहाचा आहे. चार-पाच प्रकार भोगूनही धड आयुष्य जगणारी माणसं मी रोज पाहते.

५. म्हणजे माझी कंबर मनामुळे दुखते, असं तुम्हाला म्हणायचंय का?

नाही. दुखतं म्हणजे दुखतंच. वेदना ही मेंदूत तयार होते, हाड मोडलेलं असो वा नसो, आणि सोसणाऱ्याला दोन्हींत सारखाच त्रास असतो. 'काही नाही, मनाचे खेळ आहेत' असं म्हणून ज्या बाईला दवाखान्यातून परत पाठवलं, तिच्या पदरात आणखी एक शरम टाकली, एवढंच त्यातून होतं.

म्हणून आधी शरीराची तपासणी. दुखण्यासोबत ताप असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, पायातली शक्ती जात असेल, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर घराण्याचा इतिहास बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत ताप येऊन पोटऱ्या अतोनात दुखायला लागल्या आणि डोळे लाल झाले तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) असू शकतो. तो अंगावर काढला तर जिवावर बेततो.

६. एमआरआय, रक्त, सगळं नॉर्मल. तीन वर्षं दुखतंच आहे. आता काय?

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेचा हिशेब वेगळा असतो. अनेकदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था धोक्याचा इशारा देत राहते. चांगली गोष्ट ही की ती शिकलेलं विसरूही शकते. कोलोरॅडोत १५१ जणांवर झालेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. जुनाट कंबरदुखीच्या लोकांना महिनाभर, ही वेदना धोक्याची नाही हे अनुभवाने पटवून देणारे उपचार दिले. त्यातल्या ६६ टक्के लोकांची वेदना गेली किंवा जवळजवळ गेली. खोटं औषध दिलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होतं. त्यांचं दुखणं सौम्य ते मध्यम होतं आणि प्रयोग एकाच ठिकाणचा होता, त्यामुळे हे रामबाण नाही. पण 'आता हे जन्माचं' असं मानायचंही कारण नाही.

आमच्याकडे आम्ही वहीपासून सुरुवात करतो. दोन रकाने. एकात किती आणि कुठे दुखलं, दुसऱ्यात त्या दिवशी काय घडलं. देवगडकडच्या एका बाईंनी लिहिलेलं पान अजून डोळ्यासमोर आहे. एका बाजूला 'मान, डावीकडे, खूप', समोर 'जाऊबाईंचा फोन, गणपतीला सगळे येणार'. दुसऱ्या दिवशी 'मान, खूप', समोर 'हिस्स्याचे कागद काढले'. मग पाच दिवस दुखणं कमी, कारण नवरा मुंबईला गेला होता. असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि स्वतःच बराच वेळ बघत बसल्या. मी काही बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती.

वहीबरोबर चालणं, तेही दुखणं वाढायच्या आधी थांबून, दर आठवड्याला थोडं वाढवत. नीट झोप. आणि जमलं तर अशा वेदनेचं काम जाणणारा फिजिओथेरपिस्ट व मानसोपचारतज्ज्ञ. नुसतं विश्रांती घेत पडून राहिल्याने जुनं दुखणं बहुधा वाढतं.

७. बाजारात दुखण्याचं चूर्ण मिळतं, एका दिवसात आराम. आणि डॉक्टर इंजेक्शनही देतात. घेत राहू का?

एका दिवसात जुनाट सांधेदुखी पळवणाऱ्या बिनलेबलच्या चूर्णात अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं. महिनोन्‌महिने घेतलं असेल तर एकदम बंदही करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावलेलं असतं, त्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावं लागतं. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं वारंवार घेतल्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडं जाऊ शकतात. ट्रॅमॅडॉलची तर सवयच लागते.

८. मी दारू पीत नाही. फक्त मशेरी लावते. तेही व्यसनच का?

हो. आणि हे व्यसन सगळ्यांत कमी बोललं जातं, कारण ते घरातल्या बायकांचं आहे. चुलीवर तव्यात तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिचा खाट उठला की शेजारीण ओळखते, मग चुरून डबीत भरायची. दात घासायला म्हणून सुरू झालेली मशेरी दिवसातून पाच-सहा वेळा हिरडीला लागते. मी विचारते, कधी लावता? उत्तर बहुधा असं येतं: जेवण झाल्यावर, दुपारी एकटी असताना, आणि तो पिऊन आला की. म्हणजे तीही एक वेदनाशामकच झाली. हिरडीचा, गालाचा कर्करोग हा धोका आहेच. गरोदरपणी बाळाचं वजनही कमी भरतं.

सोडताना एकदम जमत नसेल तर निकोटिनचे च्युइंगम किंवा गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. पण 'तो पिऊन आला की' याचं काय करायचं, हे ठरल्याशिवाय डबी फार दिवस लांब राहत नाही. मारहाण होत असेल तर १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे, तातडीला ११२.

९. आधी दारू सोडवायची की आधी मनातलं जुनं बाहेर काढायचं?

आधी दारू, तीही डॉक्टरांच्या मदतीने. या बाबतीत माझं मत पक्कं आहे. रोज पिणाऱ्या माणसाला जुन्या जखमेवर बोलतं केलं की तो त्या रात्री दुप्पट पितो.

आणि एक गोष्ट कोकणातल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. गटारीला भरपूर पिऊन श्रावण पाळायचा, किंवा गणपतीच्या दिवसांत हात लावायचा नाही, ही आपली रीत. भक्ती म्हणून ती चांगलीच आहे. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होतात, माणूस हवेत हात मारतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो. घरचे म्हणतात देवाचा कोप झाला, नाहीतर कसलंतरी वारं लागलं. प्रत्यक्षात तो दारू अचानक तुटल्याचा आजार असतो. उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो, आणि वेळेवर रुग्णालयात नेलं तर बहुतेक जण वाचतात. तिथे गोळ्या, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, पाणी-क्षार आणि देखरेख मिळते.

देवळात शपथ घेतली, पंढरीची माळ घातली, तर त्या माळेचा आधार मोठा असतो आणि मी तो कधीच काढून घेणार नाही. फक्त माळ घालायच्या आधी डॉक्टरांना भेटा.

शरीर ताळ्यावर आलं आणि काही आठवडे झोप लागू लागली, की मग जुन्या गोष्टींचं काम. ते कसं, ते प्रश्न १२ मध्ये.

१०. 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती असतात. आमटीतून औषध घालू का?

घालू नका. अशा पुड्यांत काय आहे ते कळायला मार्ग नसतो, आणि काहींत डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो. हृदय किंवा यकृत कमजोर असेल तर जीवही जातो. हे औषध खरं आहे, डॉक्टर देतातही, पण घेणाऱ्याला सगळं सांगून आणि त्याच्या संमतीने. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधंही आहेत. शिवाय चोरून औषध घातल्याचं एक दिवस कळतंच, आणि ज्या घरात आधीच कोणी कोणाशी खरं बोलत नाही तिथे आणखी एक लपवाछपवी होते.

११. भटजी म्हणतात पितृदोष आहे, गावचे लोक म्हणतात कौल लावा. तुम्ही हे मानता का?

मी कोणाच्या देवाच्या आड येत नाही. गाऱ्हाणं घालणं, पितरांची आठवण काढणं, कुळदेवीला जाऊन येणं, याने कितीतरी जणांचं मन हलकं होताना पाहिलंय. आपल्या दुःखाला चार माणसांसमोर, मोठ्या आवाजात, देवळाच्या पायरीवर शब्द मिळतात, ही साधी गोष्ट नाही.

तीन ठिकाणी मात्र मी स्पष्ट नाही म्हणते. विधीसाठी कर्ज काढावं लागत असेल तर. 'औषध बंद करा' असं कोणी सांगत असेल तर. आणि अंगात भूत आहे म्हणून कोणाला बांधलं, मारलं, मिरचीची धुरी दिली, चटके दिले तर. या शेवटच्या प्रकाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो गुन्हा आहे.

अजून एक सांगते. कौलात बहुधा 'घराण्यातल्या एका बाईचा तळतळाट' निघतो. ती बाई कोण, तिचं काय झालं होतं, हे घरात कोणी विचारत नाही. नारळ फुटतो, विषय संपतो. मला वाटतं तिचं नाव तरी घरात घेतलं जावं.

१२. आईला किंवा आत्याला जुनं कसं विचारू? विषय काढला की 'कशाला उकरतोस' म्हणतात.

गणपतीत विचारू नका. घर भरलेलं असतं, जुने हिशेब पृष्ठभागावर असतात, आणि दोन-चार भाऊ संध्याकाळी प्यालेले असतात. शांत दिवस निवडा. हाताला काम असलेली वेळ चांगली. काजू सोलताना, आमसुलं वाळत घालताना, पावसात लाइट गेल्यावर. समोरासमोर बसून विचारलं की चौकशी वाटते, बाजूला बसून विचारलं की गप्पा होतात.

'काय झालं होतं?' असं थेट नको. 'आत्या, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा या घरात सगळ्यात जास्त कोण रागवायचं?' किंवा 'आजी मुंबईला का गेली नाही गं कधी?' असं छोटं आणि खरं कुतूहल असलेलं विचारा. ती थांबली की तुम्हीही थांबा. डोळ्यांत पाणी आलं तर लगेच 'जाऊ दे' म्हणू नका. पाणी द्या आणि बसून राहा. एवढं पुरे, पुढचं कधीतरी ती स्वतः काढेल.

एका घरात ऐंशीच्या आसपासच्या आजींनी नातीला पत्र्याच्या ट्रंकेतून मनिऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा काढून दाखवला. दोऱ्याने बांधलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. पाठवणाऱ्याच्या ओळीत आजोबांचं नाव, आणि प्रत्येक पावतीच्या मागे आजींनी पेन्सिलीने लिहिलेलं: तांदूळ, फी, औषध. एका तारखेनंतर पावत्या थांबतात. आजी एवढंच म्हणाल्या, 'तेव्हापासून ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते.' आजोबा तापट आणि दारुडे एवढंच ऐकलेल्या त्या नातीला पहिल्यांदा ते लाजलेले दिसले. तिचं व्यसन त्या दिवशी सुटलं असं झालं नाही. पण स्वतःला ती ज्या शिव्या घालायची, त्यातली एक कमी झाली.

ऐकलेलं लगेच भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ज्याची गोष्ट, त्याची परवानगी.

१३. सांगणारं कोणी उरलंच नाही. मग मी बरा होणार नाही का?

व्हाल. बरं होण्यासाठी मूळ गोष्ट सापडायलाच हवी, हा गैरसमज आहे. तुमच्या अंगात आज काय होतं, कशाने घाबरायला होतं, कोणासमोर मान खाली जाते, एवढ्यावरही काम होतं. आणि रिकाम्या जागी कल्पनेने गोष्ट भरू नका. 'तुमच्या पणजीवर अत्याचार झाला असणार' असं छातीठोकपणे सांगणारा उपचारक भेटला, तर तिथून उठून या.

१४. माझो झील (मुलगा) दारू पिता. घोवय (नवराही) पियाचो, सासरोय पियाचो. ह्या घराण्यातच आसा काय?

मावशी, थोडं घराण्यात असू शकतं (प्रश्न २ पाहा). पण 'घराण्यातच आहे' हे वाक्य मुलाच्या कानावर पडू देऊ नका. त्याला ते शिक्षेसारखं ऐकू येतं आणि सबबीसारखं वापरता येतं.

तुम्ही आजपर्यंत काय केलंत ते तुम्ही लिहिलं नाहीत, तरी मला ठाऊक आहे. मालकांची उधारी फेडलीत, ते कामावर गेले नाहीत तेव्हा 'ताप आलाय' म्हणून निरोप धाडलात, सकाळी उलटी पुसलीत. आता तेच मुलाचं करता. हे प्रेमाने केलंत, त्यात तुमचा दोष नाही. पण यापुढे उधारी फेडू नका आणि खोटा निरोप देऊ नका. जेवण द्या, अंथरूण द्या, पैसे देऊ नका. शुद्धीत असताना, सकाळी, एकदाच आणि शांतपणे सांगा की डॉक्टरांकडे येणार असशील तर मी बरोबर येते. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाचे गट असतात. तो गेला नाही तरी तुम्ही जा. आणि तुमची कंबर तपासून घ्या, मावशी. पत्रात शेवटच्या ओळीत लिहिलीत, ती पहिल्या ओळीत यायला हवी होती.

१५. लहानपणी घरातल्याच माणसाने माझ्यावर अत्याचार केला. तो आजही गणपतीला येतो. सगळ्यांना सांगू का?

कोणाला, कधी, किती सांगायचं हे फक्त तुम्ही ठरवायचं. आधी एका विश्वासाच्या माणसाला किंवा समुपदेशकाला सांगा, एकदम भरल्या घरात नको. कारण पहिली प्रतिक्रिया बहुधा 'आता कशाला', 'तुझा गैरसमज असेल' अशी येते, आणि त्या वेळी तुमच्या बाजूला कोणीतरी उभं हवं. गणपतीला त्या घरी न जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आरती चुकली म्हणून बाप्पा रागावत नाही.

एक अपवाद. त्या माणसाच्या आसपास आज लहान मुलं असतील तर थांबू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक आहे.

१६. वडिलांना माफ केल्याशिवाय दुखणं जाणार नाही, असं एका शिबिरात सांगितलं. मला ते जमत नाही.

मग करू नका. माफीची सक्ती म्हणजे तोंड बंद ठेवण्याचा नवा प्रकार. ते का तसे झाले हे समजणं आणि त्यांनी केलेलं चालवून घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पुरते. काहींना माफी आपोआप सुचते, काहींना कधीच नाही, आणि दोन्ही प्रकारची माणसं बरी झालेली मी पाहिली आहेत.

१७. सहा महिने एक थेंब घेतला नाही. मग पाठ आधीपेक्षा जास्त का दुखते?

दारूने वेदना बधिर होत होती, ती आता उघडी पडली. शिवाय अनेक वर्षांच्या पिण्याने वेदनेची जाणीव तीव्र झालेली असते आणि ती उतरायला महिने लागतात. पायांत जळजळ, मुंग्या असतील तर दारूने नसांना झालेली इजा किंवा जीवनसत्त्वांची कमतरता असू शकते, ते तपासा. हा काळ घसरण्याचा असतो. डॉक्टरांना भेटल्यावर 'मी व्यसनातून बाहेर आलेला माणूस आहे' हे आधी सांगा, म्हणजे सवय लागणारी वेदनाशामकं ते टाळतील. वही आणि चालणं प्रश्न ६ प्रमाणेच.

१८. कोकणात जायचं कुठे? गावात कळलं तर मुलीच्या लग्नाला अडचण येईल.

घरबसल्या सुरुवात करायची तर १४४१६, टेलि-मानस. २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्रीही लागतं. जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ताच लावा, हे पान नंतर वाचा. व्यसनासाठी १४४४६. रत्नागिरीत शासनाचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचाराची सोय असते. तिथे केसपेपर काढताना फक्त 'झोप लागत नाही, अंग दुखतं' एवढं सांगितलं तरी चालतं, बाकीचं आत डॉक्टरांना. भरती होऊन व्यसनमुक्ती करायची असेल तर पुण्याचं मुक्तांगण, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकींना पैसे लागत नाहीत आणि तिथे आडनाव विचारत नाहीत. आपल्या तालुक्यात ओळखीचे भेटतील असं वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यातल्या बैठकीला जा. बरेच जण तसंच करतात.

मानसिक उपचारांची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. लग्नाचं म्हणाल तर, वाडीला तुमच्या घरातली दारू माहीत नाही असं समजू नका. रात्रीचा आवाज चार घरं जातो. उपचार घेतलेले मात्र कोणाला कळायचं कारण नाही.

१९. माझ्या मुलांना यातलं किती सांगू?

वयाला झेपेल तेवढं, आणि खोटं काही नाही. सहा वर्षांच्या मुलाला: 'बाबांना दारूचा आजार आहे, डॉक्टर औषध देतायत, तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही.' हे शेवटचं जरूर सांगा, कारण मुलं मनात तेच धरून बसतात. बारा-तेराच्या मुलीला आजोबांची गोष्ट सांगता येईल, मारहाणीचे बारीकसारीक तपशील वगळून. सोळा-सतराच्या मुलाला अनुवंशाचा धोकाही सांगा, म्हणजे कॉलेजात पहिला पेग पुढे आला तर आपल्याला इतरांपेक्षा जास्त जपायचंय हे त्याला माहीत असेल. आणि त्याने काही विचारलं तर, हातातलं काम ठेवून उत्तर द्या.